इन्सुलिनचं पेन कुलपात आणि मुलगी तिसऱ्या मजल्यावर, हे चालणार नाही

ताई, तुमचा मेसेज बराच मोठा होता, म्हणून वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. मुलगी पाचवीत, मार्चमध्ये टाइप १ डायबेटिस (शरीर स्वतःचं इन्सुलिन बनवत नाही तो प्रकार) निघाला, जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि शाळेने सांगितलं की सुईवालं काही दफ्तरात चालणार नाही, पेन आणि ग्लुकोमीटर ऑफिसच्या कपाटात कुलपात राहील, आणि डोस घ्यायचा तर मुलींच्या बाथरूममध्ये घ्यायचा नाहीतर आईने मधल्या सुट्टीत येऊन द्यायचा. त्यात वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका आईने टाकलं की "आमच्या मुलांना सुई टोचली तर जबाबदार कोण?" आणि घरी सासूबाई म्हणतात कुणाला सांगूच नका, मुलीची जात आहे. तुम्ही विचारताय शाळा बदलू का.

नका बदलू, निदान आत्ता तरी नाही. मी लहान मुलांच्या डायबेटिस क्लिनिकमध्ये एज्युकेटर म्हणून काम करते आणि दरवर्षी जूनमध्ये हाच प्रश्न वेगवेगळ्या गावांहून येतो, इंग्लिश मिडियम असो, झेडपी असो, फरक फार नसतो. नव्या शाळेत पण हेच बोलणं पहिल्यापासून करावं लागणार, आणि मुलीला मात्र असं वाटणार की माझ्या आजारामुळे माझ्या मैत्रिणी सुटल्या.

आता मुद्द्याचं. शाळेला वाटतंय धोका सुईत आहे. सुईचा धोका आहे, नाही असं नाही, पण तो एका पक्क्या डब्याने आणि दोन नियमांनी मिटतो. मोठा धोका तो नाहीच, मोठा धोका आहे रक्तातली साखर खाली जाण्याचा, आणि त्यात कुलूपबंद कपाट हा सगळ्यात वाईट उपाय आहे. आमच्याकडे येणाऱ्या एका मुलाच्या शाळेत ग्लुकोजची पुडीसुद्धा "औषध" म्हणून कपाटात ठेवली होती आणि किल्ली ज्या सरांकडे ते इलेक्शन ड्युटीच्या ट्रेनिंगला गेलेले. मुलगा पीटीच्या तासाला घामाघूम होऊन बसला, कुणीतरी शिपाई मामांना शोधायला पळालं, शेवटी कॅन्टीनवाल्याने साखर दिली म्हणून निभावलं. आपल्याकडे शिक्षकांना इलेक्शन, जनगणना, सर्व्हे, ट्रेनिंग काय काय असतं तुम्हाला माहितीये, त्यामुळे एका माणसाच्या किल्लीवर मुलाचा जीव टांगून ठेवायचा नसतो.

म्हणून शाळेशी बोलताना सुरुवात सुईपासून करू नका, हायपोपासून करा. मुख्याध्यापकांना साध्या शब्दात सांगा: साखर ७० च्या खाली गेली की हायपो, ५४ च्या खाली गेली की गंभीर, आणि हे डबा उशिरा झाला, पीटीला जास्त पळाली, डोस घेऊन जेवलीच नाही अशा रोजच्या कारणांनी होऊ शकतं. दिसतं कसं ते क्लास टीचरना कळायला हवं. घाम, हात थरथरणं, चेहरा पांढरा पडणं हे सगळ्यांना माहीत असतं, पण वर्गात बऱ्याचदा आधी दिसतं ते म्हणजे मुलगी अचानक गप्प होते, चिडते, पेंगते, अक्षर वेडंवाकडं येतं, फळ्यावरचं उतरवताना ओळ चुकते. आणि बाई म्हणतात "लक्ष कुठंय तुझं?" तिथं ओरडा बसतो, खरं तर तिथं ग्लुकोज हवं.

किती द्यायचं? ढोबळ हिशोब वजनाच्या किलोमागे ०.३ ग्रॅम, म्हणजे ३० किलोच्या मुलीला ९-१० ग्रॅम, साधारण दोन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात, पावडर नसेल तर साधी साखर. तुमच्या मुलीचा नेमका आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि त्या मापाच्या पुड्याच करून द्या, म्हणजे बाईंना मोजत बसायला नको. १५ मिनिटं थांबून परत चेक, अजून कमी असेल तर परत तेवढंच. चॉकलेट नको, त्यातल्या फॅटमुळे साखर चढायला वेळ लागतो, हे शाळेला मुद्दाम सांगा कारण सगळ्यांचा हात पहिला चॉकलेटकडेच जातो. ग्लुकोमीटर लगेच सापडला नाही तर चेक करायला थांबू नये, आधी ग्लुकोज द्यावं, साखर थोडी जास्त झाली तर नंतर बघता येतं.

आणि एक गोष्ट लाल पेनाने लिहून द्या: अशा वेळी तिला एकटीला ऑफिसात किंवा स्टाफरूममध्ये पाठवायचं नाही. "जा गं खाली, मॅडमना सांग" म्हणून पाठवलेली मुलं जिन्यात बसलेली सापडतात. जिथं आहे तिथंच बसवायचं आणि तिथंच द्यायचं.

बेशुद्ध झाली किंवा फिट आली तर तोंडात काहीही घालायचं नाही, पाणी पण नाही, कुशीवर वळवायचं, १०८ ला फोन, मग तुम्हाला फोन. नाकाला कांदा, चप्पल हे प्रकार अजूनही होतात, अगदी शहरातल्या शाळेत होतात, म्हणून तेही कागदावर लिहा की हे करू नका. ग्लुकॅगॉनचं, म्हणजे साखर पटकन वर आणणारं, इंजेक्शन तुमच्या डॉक्टरांनी दिलं असेल (२५ किलोच्या आतल्या मुलांना अर्धा मिलिग्रॅम, वर एक मिलिग्रॅम) तर कोण देणार ते आधी ठरवून त्या व्यक्तीला शिकवून ठेवा. पण ते आपल्याकडे सहज मिळत नाही आणि महाग पडतं, त्यामुळे बहुतेक शाळांचं काम ग्लुकोज आणि १०८ वरच चालतं.

हे सगळं ऐकलं की बहुतेक मुख्याध्यापकांचा सूर बदलतो. मग सामानाचं बोला.

ग्लुकोमीटर आणि ग्लुकोज कायम मुलीबरोबर. वर्गात, मैदानावर, लॅबमध्ये, स्कूलबसमध्ये, सगळीकडे. यावर तडजोड करू नका. एक जादा ग्लुकोजचा डबा बाईंच्या टेबलच्या ड्रॉवरमध्ये, बिनकुलपाचा, आणि एक पीटीच्या सरांकडे. इन्सुलिनच्या पेनाबाबत मात्र मी शाळेचं थोडं ऐकेन. दहा वर्षांची मुलगी आहे, आजूबाजूला चाळीस-पन्नास उपद्व्यापी पोरं, कुणीतरी पेन घेऊन टकटक डायल फिरवून बघणार हे धरून चाला. माझं मत असं की पाचवी-सहावीपर्यंत पेन बाईंच्या ताब्यात असावं पण त्याच वर्गात, मधल्या सुट्टीत तिने मागायचं, त्यांच्यासमोर डायल करायचं, आकडा मोठ्याने वाचायचा, बाईंनी बघायचा आणि मग टोचायचं. बाईंनी टोचायचं नाहीये, फक्त आकडा बघायचाय, हे सांगितलं की त्यांची अर्धी भीती जाते. आठवी-नववीत गेली की पेन तिच्याकडे.

डोस झाला की सुई पेनाला लावून ठेवायची नाही, काढून टाकायची. एक तर इन्सुलिन गळतं, हवा शिरते, आणि दुसरं म्हणजे बिनसुईचं पेन कुणाच्या हातात गेलं तरी ते फार काही करू शकत नाही. सुया वेगळ्या छोट्या डबीत ठेवायच्या. एवढं केलं की "कुणीतरी कुणाला टोचेल" हा प्रश्न जवळजवळ संपतो. सुई तरी केवढी असते, ४ मिलिमीटरची. मुख्याध्यापकांना प्रत्यक्ष दाखवा. त्यांच्या डोळ्यासमोर गोवराची लस देणारी मोठी सिरिंज असते, ही बघितल्यावर "एवढीशीच?" असंच म्हणतात.

वापरलेली सुई मात्र वर्गाच्या कचराकुंडीत कधीच नाही. इथे ग्रुपवरच्या त्या आईचा मुद्दा बरोबर आहे, फक्त माणूस चुकीचा. टोचली तर तिच्या मुलाला नाही, कुंडी उपसणाऱ्या मावशींना टोचेल. म्हणून दफ्तरात झाकण घट्ट बसणारी एक छोटी जाड डबी, त्यात सुई आणि लॅन्सेट (शुगर बघताना बोटाला टोचायची सुई) टाकायचं आणि घरी आणायचं. घरी हार्पिक किंवा कपड्याच्या कंडिशनरची जाड प्लास्टिकची रिकामी बाटली ठेवा, वर "सुया, उघडू नका" लिहा, तीन-चतुर्थांश भरली की टेपने बंद करून तुमच्या हॉस्पिटलमध्ये द्या, बरीच हॉस्पिटलं घेतात, आधी विचारून जा. पाण्याची पातळ बाटली नको, सुई आरपार येते. २०१६ च्या घनकचरा नियमांमध्ये घरातल्या वापरलेल्या सुया आणि सिरिंज घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या, म्हणजे ओल्या-सुक्यात त्या टाकायच्याच नाहीत.

तरी कुणाला टोचलीच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, पिळायचं नाही, तोंडाने चोखायचं नाही आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागली तर ७२ तासांच्या आत आणि जितकी लवकर तितकी चांगली, ते डॉक्टर ठरवतील. लॅन्सेटचं यंत्र आणि पेन दुसऱ्या कुणाला वापरायला द्यायचं नाही, "माझी पण शुगर बघ ना" म्हणणारी मैत्रीण पहिल्याच आठवड्यात भेटते. मुलीला घरूनच वाक्य पाठ करून पाठवा: "हे फक्त माझं आहे, शेअर करत नाहीत."

तुम्ही पेन वापरताय म्हणून हे तुम्हाला कदाचित लागू नाही, पण वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे बाटली-सिरिंज आहे त्यांच्यासाठी सांगून ठेवते. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा ४० युनिटचं (एका मिलिलिटरमध्ये ४०) असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची, पेनाच्या कार्ट्रिजमधलं १०० युनिटचं आणि १०० ची सिरिंज केशरी टोपणाची. शाळेत पेन अडकलं म्हणून घाईत कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजने काढलं तर अडीचपट डोस जातो. १० च्या जागी २५ युनिट. शाळेत जादा सिरिंज ठेवताच कशाला, हा माझा प्रश्न असतो. पेन बिघडलं तर घरी फोन.

उन्हाचं पण बघा. वापरात असलेलं पेन बहुतेक वेळा ३० डिग्रीच्या आत चार आठवडे चालतं, फ्रीज लागत नाही, म्हणजे शाळेच्या फ्रीजची वाट बघायची गरज नाही. पण एप्रिलमध्ये विदर्भ-मराठवाड्यात वर्गात ४० च्या वर तापमान जातं, तिथं कूलिंग पाऊच किंवा माठाशेजारी ओल्या कापडात गुंडाळलेली डबी. बर्फाला चिकटवून ठेवू नका, गोठलं की ते इन्सुलिन फेकायचं.

आता बाथरूम. यावर मला खरंच राग येतो. शाळेच्या बाथरूममध्ये हात धुवायला साबण नसतो, सामान ठेवायला जागा नसते, दारावर दुसरी मुलगी थापा मारत असते, तिथं मुलगी दोन हातांनी डायल फिरवणार, फ्रॉक वर धरणार आणि सुई टाकणार कुठे तर ड्रेनेजमध्ये. आणि मुलं शहाणी असतात, त्यांना बरोबर कळतं की जे बाथरूममध्ये लपून करायचं ते काहीतरी लाजिरवाणं असतं. मग डोस चुकवायला लागतात. "आज भूक नव्हती" म्हणून डबा परत येतो, किंवा डबा खातात आणि डोस नाही, आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) वाढलेलं आलं की घरी भांडणं. आमच्याकडे सातवी-आठवीच्या मुलींचं हे कायम दिसतं, कारण विचारलं की खाली बघतात, बाहेर पाठवून एकटीशी बोललं की मग निघतं, "मुली बघतात". हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. टेनिसवाला झ्वेरेव्ह, त्याला लहानपणापासून टाइप १ आहे, २०२३ च्या फ्रेंच ओपनमध्ये त्याला कोर्टवर इंजेक्शन घेऊ नकोस, बाहेर जाऊन घे असं सांगितलं होतं, त्याने ते जाहीर बोलून दाखवलं आणि मग चक्रं फिरली. जगातल्या टॉपच्या खेळाडूला हे ऐकावं लागतं तर पाचवीतल्या मुलीचं काय. वर्गात बाकावर बसून, डब्याआधी, शर्टाच्या खालून पोटावर, अर्ध्या मिनिटात होतं. तिला आडोसा हवा असेल तर मेडिकल रूम, स्टाफरूमचा कोपरा चालेल. पण तो तिला हवा असेल तर. शाळेला हवा म्हणून नाही.

सांगायचं की नाही? सांगायचं. बाईंना, पीटीच्या सरांना, बसच्या काकांना, आणि वर्गातल्या मुलांना पण. मुलांना सांगायला मी स्वतः ऑफ तासाला बऱ्याच वर्गात गेलेय आणि खरं सांगते, मुलं हा प्रॉब्लेमच नाही. ग्लुकोमीटर दाखवायचा, बाई तयार असतील तर बाईंचीच शुगर नव्या लॅन्सेटने बघायची, वर्ग एकदम खूश. प्रश्न ठरलेले असतात: दुखतं का, आम्हाला लागेल का, ही मरेल का (हो, हे विचारतात, सरळ उत्तर द्यायचं, औषध घेतलं तर नाही), आणि शेवटी कुणीतरी उठून म्हणतं "मॅडम, हिला तासाला बिस्किट खायला परमिशन, आम्हाला का नाही?" त्यांचा खरा आक्षेप तेवढाच असतो. पण आधी मुलीला विचारा. तिला स्वतः बोलायचं असेल तर तिला बोलू द्या, नको असेल तर ती वर्गात नसताना नको, ती असताना पण बाईंनी बोलावं.

मुलांना काय सांगायचं तर एवढंच: तिच्या पोटातल्या स्वादुपिंडाने इन्सुलिन बनवणं बंद केलंय, शरीराच्या स्वतःच्याच संरक्षण यंत्रणेने ते बनवणाऱ्या पेशी मारल्या, गोड खाऊन झालेलं नाही, एकमेकांच्या डब्यात खाऊन लागत नाही. बाईंना पण हे सांगा हं. "एवढ्या लहानपणी शुगर? लाड जास्त केले असतील" हे वाक्य स्टाफरूममध्येच तयार होतं. आणि वाढदिवसाचं चॉकलेट वाटताना हिला वगळून पुढे जाऊ नका हेही. तिला देऊ देत, ती डब्याबरोबर डोस धरून खाईल नाहीतर घरी आणेल. हातावर चॉकलेट न पडणं हे त्या वयात सुईपेक्षा जास्त टोचतं. सहल, पीटी, गॅदरिंग, कशातूनही वगळायचं नाही. पीटीच्या आधी शुगर बघायची आणि खिशात ग्लुकोज, झालं. उलट शुगर जास्त असेल तेव्हा तिला सारखं पाणी आणि सारखी लघवी लागते, तेव्हा "तास संपल्यावर जा" म्हणायचं नाही. आणि शुगर जास्त, त्यात उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास असं दिसलं तर ते शाळेत बघत बसायचं प्रकरण नाही, लगेच तुम्हाला फोन आणि तिथून हॉस्पिटल.

ग्रुपवर भांडू नका. एक मेसेज टाका, साधारण असा: "नमस्कार, माझ्या मुलीला टाइप १ डायबेटिस आहे. हा संसर्गजन्य नाही. ती जेवणाआधी बाईंसमोर इन्सुलिन घेते, सुई लगेच काढून बंद डबीत ठेवते आणि घरी आणते. कुणाला डबी बघायची असेल तर मी शनिवारी शाळेत येणार आहे, नक्की भेटा. ती कधी घामाघूम किंवा गप्प दिसली तर तुमच्या मुलांनी बाईंना सांगावं एवढी विनंती." त्यापुढे कुणी काही लिहिलं तरी उत्तर देऊ नका. मेसेज टाकण्याआधी मुलीला आणि तिच्या बाबांना वाचून दाखवा.

सासूबाईंचं. त्यांची भीती लग्नाची आहे आणि ती भीती उगाच आहे असं मी म्हणणार नाही, स्थळं येताना त्रास होतो, लपवून लग्न केलेली आणि मग सासरी इन्सुलिन बंद करून आयसीयूत आलेली मुलगी मी पाहिलीये. पण म्हणूनच लपवायचं नाही. पाचवीत लपवायला शिकलेली मुलगी पुढे सासरीच काय, हॉस्टेलवर रूममेटपासूनही लपवते. त्यांना एकदा क्लिनिकला घेऊन या, टाइप १ असलेल्या, नोकरी करणाऱ्या, पोरंबाळं असलेल्या बायका तिथं भेटतील. नागपूरला ड्रीम ट्रस्ट, संभाजीनगरला उडान यांचं काम टाइप १ च्या मुलांसाठीच आहे, तुम्ही त्या भागात असाल तर तिथली कुटुंबं गाठा. सासूबाईंना डॉक्टरांपेक्षा दुसऱ्या आजीचं पटतं. घरात क्रिकेट बघत असतील तर वसीम अक्रम पण चालतो, डायबेटिस निघाल्यावरही तो कितीतरी वर्षं बॉलिंग टाकत होता.

शेवटी कागदपत्रं, कारण तोंडी ठरलेलं दिवाळीनंतर कुणाला आठवत नाही. डॉक्टरांच्या लेटरहेडवर एक पान मराठीत करून घ्या: आजार काय, डोस कधी, हायपोला काय, बेशुद्ध पडली तर काय, तीन फोन नंबर. सोबत तुमचा अर्ज. त्यात लिहा की २०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने राज्यांना कळवलंय की टाइप १ च्या मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याप्रमाणे वर्गात शुगर तपासायला, इन्सुलिन घ्यायला, मधलं खाणं खायला परवानगी द्यावी. सीबीएसईने तर २०१७ पासूनच दहावी-बारावीच्या परीक्षेला या मुलांना ग्लुकोजच्या गोळ्या, फळ, सँडविच, पाणी आत न्यायला परवानगी दिलीये. तुमची मुलगी पाचवीत आहे, पण घटक चाचणीला पर्यवेक्षक वेगळे असतात, तेव्हा दफ्तर बाहेर ठेवायला लावतात आणि त्यात ग्लुकोज बाहेर जातं, म्हणून परीक्षेचं वाक्य आत्ताच अर्जात घाला. सतत शुगर मोजणारा सेन्सर अंगाला लावला असेल आणि शाळेत मोबाइल बंद असेल तर आकडा बघायचा रीडर वेगळा मिळतो, त्याची परवानगी पण त्यातच मागा. शाळेने दिव्यांग सर्टिफिकेट मागितलं तर सांगा की २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत टाइप १ नाही, ते मिळणार नाही आणि यासाठी लागतही नाही.

एवढं करूनही मुख्याध्यापक कुलपावर अडून बसले तर आवाज चढवू नका, "नकार लेखी द्या" एवढं म्हणा. बहुतेक ठिकाणी गाडी तिथेच वळते, कारण लेखी कुणीच देत नाही. दिलाच तर त्याची कॉपी जोडून शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज. दोन्हीकडे अर्ज देताना तुमच्या प्रतीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या, आणि तोवर, वाद चालू असतानाच्या काळात, मुलीच्या खिशात ग्लुकोजच्या दोन पुड्या रोज असतील हे सकाळी दप्तर भरताना स्वतः बघा.